पुस्तक नसलेलं दप्तर

सासूबाई २०१५ साली पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा आमची थोरली इथल्या 'इयर टू'मध्ये होती. सासूबाई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी नातीचं दप्तर जमिनीवर रिकामं केलं. निघालं काय? पाण्याची बाटली, गोष्टीचं एक पातळसं पुस्तक, ते घरी वाचल्याची आईबापांनी सही करायची छोटी वही आणि अर्धवट खाल्लेलं सफरचंद.

"पुस्तकं शाळेतच ठेवून घेतात का गं?"

"नाही आई, पुस्तकंच नसतात."

"म्हणजे? मग बाई शिकवतात कशातून?"

मंडळी, इथे मुलं वाढवणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी विचारलेला आहे. आपण बालभारतीची माणसं. पुण्यात १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालं आणि तेव्हापासून जूनमधला नव्या पुस्तकाचा वास, खाकी कव्हर, त्यावरचं नाव-इयत्ता-तुकडीचं लेबल म्हणजेच शाळा. अभ्यास किती झाला म्हणजे कितवा धडा झाला. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत मराठी शाळांत तोच धडा, त्याखाली तेच स्वाध्याय. अभ्यासक्रम ही एक गोष्ट आणि पुस्तक ही वेगळी गोष्ट, हे आपल्याला कधी कुणी सांगितलंच नाही.

पुढे मी त्याच शाळेत पालकांमधून निवडलेली गव्हर्नर झाले आणि चार वर्षं अभ्यासक्रमाच्या समितीवर बसले. माझा व्यवसाय आयटी कन्सल्टन्सीचा. हवंय काय, ते ठरवलं कुणी, आणि झालं की नाही हे तपासणार कोण, हे तीन प्रश्न विचारून मी पोट भरते. तेच प्रश्न मी शाळेत विचारले. हेडटीचर बाईंनी हसून सांगितलं, की याचं खरं उत्तर हवं असेल तर इतिहास वाचावा लागेल. मी वाचला. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना दोनशे वर्षं मागे जावं लागलं, आणि गंमत म्हणजे वाटेत मद्रास आणि पुणे अशी दोन स्टेशनं लागली.

आधी मद्रास. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासमध्ये अनाथ मुलग्यांच्या आश्रमशाळेचा प्रमुख होता. एके दिवशी घोड्यावरून जाताना त्याने गावातल्या देशी शाळेत मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं. आपल्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर 'ओनामा' गिरवत तसंच ते. कागद नको, शाई नको, चुकलं की हात फिरवायचा. बेलने हे आपल्या शाळेत आणायचं ठरवलं, पण हाताखालचे मास्तर काही दाद देईनात. मग त्याने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठेक वर्षांच्या मुलालाच धाकट्यांना शिकवायला बसवलं. ते जमलं. लंडनला परतल्यावर १७९७ साली त्याने या प्रयोगावर पुस्तिका छापली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने अशाच धर्तीची शाळा काढली, आणि एका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुलं, त्यांतली मोठी मुलं 'मॉनिटर' म्हणून धाकट्यांना शिकवणारी, अशा शाळा देशभर पसरल्या. मूळ कल्पना कुणाची यावर दोघे जन्मभर भांडले. वाळूत गिरवणाऱ्या मद्रासच्या पोरांना अर्थातच कुणी विचारलं नाही. बेल आज वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये विसावला आहे.

या शाळा चर्चच्या आणि धर्मादाय संस्थांच्या. सरकारचा संबंध आला तो १८३३ साली, शाळांच्या इमारतींसाठी पार्लमेंटने २०,००० पौंड मंजूर केले तेव्हा. सरकारी पैसा आला की पाठोपाठ तपासनीस येतो. १८३९ पासून शिक्षणाची सरकारी समिती आणि इन्स्पेक्टर आले. अनुदान फुगत गेलं आणि १८६१ पर्यंत वर्षाला ८ लाख पौंडांवर पोचलं. एवढ्या पैशात मुलांना नेमकं काय येतं, असं खासदार विचारू लागले. प्रश्न रास्तच होता. उत्तर मात्र रॉबर्ट लो या गृहस्थांनी दिलं.

लो हे तेव्हाच्या सरकारात शिक्षणखातं सांभाळणारे मंत्री. त्यांनी १८६२ साली नवी नियमावली आणली. तिचं नाव 'रिव्हाइज्ड कोड'. व्यवहारात तिला म्हणत 'पेमेंट बाय रिझल्ट्स', म्हणजे निकाल बघून पैसे. हिशोब असा. मुलाच्या हजेरीबद्दल शाळेला वर्षाला ४ शिलिंग. वर्षात २०० हून जास्त सत्रं भरलेल्या मुलाने इन्स्पेक्टरसमोर वाचन, लेखन आणि गणित या तिन्हींत पास व्हायचं, त्याचे आणखी ८ शिलिंग. एका विषयात नापास झाला की २ शिलिंग ८ पेन्स कापले. शंभर मुलं सगळ्यात पास झाली तर ६० पौंड. दहा मुलं अडखळली तर चार पौंड गेले, आणि ते बहुधा मास्तरांच्या पगारातूनच जायचे.

अभ्यासक्रम म्हणजे सहा 'स्टँडर्ड'. पहिल्यात सोप्या, एका उच्चाराच्या शब्दांची गोष्ट वाचायची, सांगितलेली अक्षरं पाटीवर काढायची, वीसपर्यंत आकडे लिहायचे, दहापर्यंत तोंडी बेरीज-वजाबाकी. सहाव्यात वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचायचा आणि ऐकून लिहून काढायचा, शिवाय बिलांचा हिशोब. मुलींना शिवणकाम आणखी वेगळं. इतिहास, भूगोल, चित्रकला, निसर्ग, गाणी यांना एक पेनीसुद्धा नव्हती. ती शिकवू नका असं लो यांनी कुठेही म्हटलेलं नाही, पण ते म्हणायची गरजही नव्हती. बंदी न घालता विषय कसा बंद करायचा याचा इतका स्वच्छ नमुना मी माझ्या व्यवसायातही पाहिलेला नाही, आणि आमच्याकडे टार्गेट्सच्या नावाखाली काय काय चालतं ते तुमच्यातल्या निम्म्या वाचकांना ठाऊक आहे.

मग वर्षभर एकच वाचनपुस्तक घोकून घेतलं जाऊ लागलं. पुस्तक उलटं धरूनही मुलं घडाघडा 'वाचत' असत, ही त्या काळातली बहुचर्चित कथा. हुशार मूल मागे बसे, कारण ते पास होणारच. मास्तरांचा सगळा वेळ काठावरच्या मुलांवर. कवी म्हणून प्रसिद्ध असलेले मॅथ्यू अरनॉल्ड पोटापाण्यासाठी शाळांचे इन्स्पेक्टर होते. १८६७ च्या अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिलं, की शाळांतलं शिक्षण यांत्रिक झालंय आणि शिक्षकाची कल्पकता आटत चालली आहे. पण तिजोरीला फायदा दिसत होता. १८६५ पर्यंत अनुदान साडेसहा लाखांच्या आसपास उतरलं होतं.

याच नियमावलीने प्रत्येक शाळेला रोजनिशी ठेवणं सक्तीचं केलं, आणि हे मात्र इतिहासावर मोठे उपकार झाले. या 'लॉग बुक' आज जिल्ह्याजिल्ह्याच्या अभिलेखागारांत बघायला मिळतात. केंटमधल्या शाळांची पानं पाहिली तर सप्टेंबरात वर्ग ओस. मुलं कुठे? हॉप्सच्या मळ्यात, बिअरसाठी लागणारी ती फुलं तोडायला, आईबापांबरोबर. हजेरी पडली की पैसे पडले, म्हणून मास्तर कासावीस. हे वाचताना मला सारखं वाटत होतं, की असंच काहीतरी आपण मराठीतही वाचलंय. शोधल्यावर सापडलं, आणि इथे दुसरं स्टेशन येतं: पुणे.

लो यांची पद्धत १८६० च्या दशकातच मुंबई इलाख्यात पोचली होती. खासगी आणि देशी शाळांचं अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरू लागलं. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करायला हंटर कमिशन आलं. त्याच्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं एक लेखी निवेदन पुण्याहून सादर झालं. खाली सही महात्मा जोतीराव फुल्यांची: व्यापारी, शेतकरी आणि पुण्याचे म्युनिसिपल कमिशनर. हे निवेदन आपण शाळेत 'फुल्यांनी सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली' या एका वाक्यात शिकलो. मी ते पहिल्यांदा संपूर्ण वाचलं ते या इंग्लिश शाळेच्या समितीवर असताना. अभ्यासक्रम कसा आखावा याबद्दल इतका नेमका मजकूर मला त्या काळच्या इंग्लंडच्या कागदपत्रांतही थोडाच सापडला.

फुले सांगतात, की खेड्यातली शेतकऱ्यांची मुलं शाळेत येत नाहीत, कारण गरिबी, आणि कारण गुरं राखायला आणि शेतात ती लागतात. (केंटच्या मास्तरांना हे पटलं असतं.) म्हणून १२ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, आणि गोडी लागावी म्हणून शिष्यवृत्त्या, बक्षिसं द्या. मग ते अभ्यासक्रमाची यादी देतात: वाचन, मोडी आणि बालबोध लेखन, हिशोब, इतिहास-भूगोलाची आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. खेड्यातल्या शाळेत विषय शहरापेक्षा कमी असले तरी चालतील, पण ते कमी उपयोगाचे नसावेत. शेतीचा धडा नुसता पुस्तकात नको, शाळेजवळ लहानसा नमुन्याचा मळा हवा. चालू पाठ्यपुस्तकं व्यवहाराला धरून नाहीत, ती नव्याने रचा. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा, वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाजणार नाहीत असे. पगार १२ रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात १५-२० हवा. आणि डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन काय होणार? तीन महिन्यांनी तरी यावं, शिवाय अधूनमधून न कळवता.

निकालावर पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल त्यांचं मत स्वच्छ आहे. ज्यांच्यात शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही अशा गरीब लोकांसाठी ती कुचकामाची आहे, कारण तिच्या भरवशावर त्यांच्यात शाळा काढून कुणाही शिक्षकाचं पोट भरणार नाही. आता इथे कुणी म्हणेल, याच निवेदनात जास्त मुलं पास करणाऱ्या गावच्या मास्तरांना खास भत्ता द्या असंही फुलेच म्हणतात. म्हणतात खरे. पण फरक बघा. फुल्यांच्या योजनेत पगार आधी पक्का आहे, आणि भत्ता त्याच्या वरचा. लो यांनी पगारच निकालाच्या खुंटीला टांगला होता. गिरणगावातल्या कुठल्याही कामगाराला हा फरक समजावून सांगावा लागला नसता.

कमिशनने व्यवहारोपयोगी विषय वाढवा, देशी हिशोब शिकवा असं सुचवलं, पण अनुदान बऱ्याच अंशी निकालावरच ठेवलं. इंग्लंडमध्ये ही पद्धत १८९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली. भारतात ती सोडण्याचं धोरण लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४ च्या ठरावाने आलं. मायदेशात टाकून दिलेली गोष्ट वसाहतीत दहा वर्षं जास्त चालली. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इंग्लंडचेच १८७० आणि १८७६ चे कायदे पुढे धरून १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, आणि ते १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

परत इंग्लंडमध्ये येऊ. लो यांच्या राज्याचा इथे असा काही वीट आला, की लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. १९०५ साली शिक्षण मंडळाने शिक्षकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिच्या नावातच 'सूचना' हा शब्द होता, आज्ञा नव्हे. १९२६ साली प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमाची सक्तीची कलमंच नियमांतून काढून टाकली गेली. १९३१ च्या हॅडो अहवालाने सांगितलं, की अभ्यासक्रमाचा विचार मुलांची कृती आणि अनुभव या अंगाने करा. १९४४ च्या शिक्षण कायद्यात सक्तीचा विषय एकच होता, धर्मशिक्षण. बाकी काय शिकवायचं ते शाळेने बघायचं. १९६० साली शिक्षणमंत्री डेव्हिड एकल्स यांनी अभ्यासक्रमाला 'गुप्त बाग' म्हटलं, म्हणजे जिथे मंत्र्यालाही फाटकाबाहेर उभं राहावं लागतं अशी जागा. इथे सासूबाईंच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर मिळतं. ज्या देशात काय शिकवायचं हेच सरकार ठरवत नव्हतं, तिथे सरकारी पुस्तक येणार कुठून?

१९६७ च्या प्लाउडन अहवालाने मुलाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसवलं. (पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ निघालं तेही याच वर्षी. एकाच वर्षी दोन देश किती विरुद्ध दिशांना निघाले पाहा.) बाक गेले, गटागटाने टेबलं आली, विषयांची भिंत पाडून 'टॉपिक' आले. यातलं पुष्कळ चांगलं होतं असं माझं प्रामाणिक मत आहे. पण बागेला कुंपण असलं तरी आत काय उगवतंय हे शेजाऱ्यांना दिसतंच. १९७४-७५ साली लंडनच्या इझलिंग्टनमधल्या विल्यम टिंडेल शाळेत काही शिक्षकांनी मुलांना हवं ते निवडू देण्याचा प्रयोग इतक्या टोकाला नेला, की पालकांनी मुलं काढून घेतली, संप झाला, चौकशी बसली. त्याच १९७६ साली १८ ऑक्टोबरला पंतप्रधान जेम्स कॅलाहन ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात उभे राहिले आणि सर्वांसाठी एक समान गाभा हवा की नको, असा प्रश्न त्यांनी जाहीरपणे विचारला. परिस्थितीमुळे विद्यापीठाची पायरी न चढलेला पंतप्रधान हे विचारतोय याला मला फार अर्थ वाटतो. शाळेत काय सुटलं तर घरी कुणीतरी भरून काढेल, हा भरवसा ठरावीक घरांनाच असतो.

तरी उत्तर यायला बारा वर्षं लागली. केनेथ बेकर यांच्या १९८८ च्या कायद्याने इंग्लंडला पहिला राष्ट्रीय अभ्यासक्रम दिला. प्रत्येक विषयाच्या तज्ज्ञ समितीला आपलाच विषय महत्त्वाचा, त्यामुळे शाळांत फायलींचे गठ्ठे येऊन पडले. ज्यांनी कधी पंधरा विभागांची रिक्वायरमेंट एका डॉक्युमेंटमध्ये घुसवली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. १९९३ साली शिक्षकांनी परीक्षांवर बहिष्कार टाकला, सर रॉन डिअरिंग यांनी कात्री चालवली, आणि १९९५ साली आटोपशीर आवृत्ती आली. पण या कायद्यातली एक तरतूद फार बोलकी आहे. कुठल्या विषयाला किती वेळ द्यायचा आणि वेळापत्रक कसं लावायचं, हे सरकारने ठरवायचं नाही असं कायद्यातच लिहिलं. काय शिकवायचं ते सरकार सांगेल, कसं आणि कशातून ते शाळा. सासूबाईंच्या प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर इथे आहे.

अर्थात सरकारला मोह आवरत नाही. १९९८ च्या सप्टेंबरात टोनी ब्लेअर सरकारने 'लिटरसी अवर' आणला. तो कायद्याने सक्तीचा नव्हता, पण क्वचितच कुठल्या शाळेने नाकारला. पंधरा मिनिटं सगळ्यांनी मिळून वाचन, पंधरा मिनिटं शब्द आणि वाक्यं, वीस मिनिटं गटकाम, दहा मिनिटं उजळणी. २००२ पर्यंत अकरा वर्षांच्या ८० टक्के मुलांनी इंग्रजीत ठरलेली पातळी गाठायची, गणितात ७५ टक्के. प्रत्यक्षात ७५ आणि ७३ झाले. आणि जागा करण्यासाठी १९९८ मध्येच इतिहास, भूगोल, चित्रकला, संगीत यांचा तपशीलवार अभ्यासक्रम पाळायची सक्ती शिथिल केली गेली. रॉबर्ट लो कुठेतरी गालातल्या गालात हसले असतील.

याच सुमारास बिगरसक्तीच्या तयार पाठयोजनाही सरकारी संस्थेकडून आल्या. त्यांतल्या भूगोलातल्या एका घटकाचं नाव होतं 'भारतातलं एक खेडं', आणि ते शिकवायला बहुतेक शाळा तमिळनाडूतल्या निलगिरीमधल्या चेंबकोल्ली या गावाची चित्रं वापरत. त्या दशकात इथे शिकलेल्या आपल्या मुलांना विचारा. दादरची, नाशिकची पोरं, पण वर्गातले मित्र त्यांना विचारायचे, "तुझी आजी चेंबकोल्लीला राहते का?"

आताचा अभ्यासक्रम २०१३ साली मायकल गोव्ह यांनी जाहीर केला आणि २०१४ पासून लागू झाला. इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांचा तपशील पानंच्या पानं, इतिहासाचा जेमतेम चार-पाच. त्या चार-पाच पानांतून वर्षभराचे पाठ कसे तयार होतात, हे समितीवर बसून बघायला मिळालं. वर्षाचे शाळेचे दिवस १९०. तीन सत्रं, प्रत्येकाचे सुट्टीने दोन तुकडे, म्हणजे सहा-सात आठवड्यांचे सहा डाव. आधी सगळ्या इयत्तांचा एका कागदावर मावेल असा वर्षाचा आराखडा. मग प्रत्येक डावाची योजना: हा घटक, यातले हे शब्द, ही सहल, शेवटी मुलांना हे यावं. मग आठवड्याची, आणि मग रविवारी रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून बाई सोमवारचे पाठ तयार करतात. तीस मुलं, जवळजवळ सगळे विषय एकच शिक्षिका. तयारीसाठी शाळेच्या वेळातला दहावा भाग मिळतो, तोही २००५ पासून. सासूबाईंनी हे ऐकून विचारलं, "म्हणजे प्रत्येक बाई स्वतःचं पुस्तक स्वतःच लिहिते?" मला याहून चांगलं वर्णन सुचलेलं नाही.

निवड शाळेच्या हातात असते याचा अर्थ एका बैठकीत कळला. इतिहासात प्राचीन संस्कृतींपैकी एक सखोल शिकवायची असते: सुमेर, सिंधू खोरं, इजिप्त किंवा चीनचं शांग घराणं. माझ्या माहितीतल्या बहुतेक शाळा इजिप्त घेतात. ममी असल्यावर मोहेंजोदडोच्या गटारांकडे कोण बघणार? मी विचारलं, सिंधू का नको? उत्तर अगदी सरळ होतं. इजिप्तचं साहित्य कपाटात तयार आहे, बाईंना ते येतं, आणि ब्रिटिश म्युझियमची सहल ठरलेली आहे. यात कुणाचा आकस नव्हता. ब्रिटिश म्युझियममध्ये सिंधू संस्कृतीच्या मुद्राही आहेत हे मी सांगितलं, दोन पालकांनी मिळून वस्तूंची एक पेटी तयार करून दिली, आणि दोन वर्षांनी चौथीच्या वर्गात सिंधू खोरं आलं. हे बालभारतीच्या राज्यात मला करता आलं नसतं. उलट बाजूही सांगायला हवी: ज्या शाळेत असं विचारणारं कुणी नाही, किंवा बाईंना रविवारी आजारी आई सांभाळायची आहे, तिथल्या मुलांच्या वाट्याला काय येईल याची हमी नाही. बालभारती निदान ती हमी देतं.

पुस्तकाची उणीव इंग्रजांनाही जाणवली. अभ्यासक्रमाच्या फेरविचारासाठी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाचे अध्यक्ष टिम ओट्स यांनी २०१४ साली दाखवून दिलं, की दहा वर्षांच्या मुलांना गणित पाठ्यपुस्तकाच्या आधारे शिकवण्याचं प्रमाण इंग्लंडात १० टक्के, सिंगापुरात ७० आणि फिनलंडमध्ये ९५. मग २०१६ मध्ये ४ कोटी १० लाख पौंड खर्चून आशियाई पद्धतीचं गणित इथे आणायचं ठरलं, आणि काही शाळांत सिंगापूरच्या धर्तीची पुस्तकं आली. चौथीत १२ पर्यंतचे पाढे सक्तीचे झाले. २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. बारापर्यंतच का? शिलिंगात बारा पेन्स असत त्याची ही आठवण, तो हिशोब १९७१ सालीच गेला तरी. सासूबाईंना ३० पर्यंतचे येतात, वर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनची औटकीसुद्धा. नात थक्क झाली होती. कधी काळी मुंबई इलाख्यातल्या देशी हिशोबाचा हाच ऐवज होता. २०२४ साली प्राध्यापक बेकी फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आढावा सुरू झाला आणि त्याचा अहवाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. म्हणजे फायली पुन्हा उघडल्या आहेत.

हे सगळं या स्मरणिकेत का, तर आपल्या शनिवारच्या मराठी शाळेमुळे. गेल्या सर्वसाधारण सभेत सूचना आली होती, की मराठी शाळेच्याही पातळ्या ठरवाव्यात, वर्षअखेर परीक्षा घ्यावी, आणि जास्त मुलं पास होतील त्या वर्गाच्या शिक्षकांचा सत्कार करावा. सूचना मनापासूनची होती. इथे जीसीएसईला गुजराती आहे, पंजाबी आहे, बंगाली आहे, मराठी नाही. जे मोजलं जात नाही ते मुलं शनिवारी सकाळी उठून का शिकतील, हा प्रश्न खोटा नाही. पण आपल्याकडे वर्षाला तीस शनिवार आहेत, दोन-दोन तासांचे. एकूण साठ तास. परीक्षा आली की त्यांतले किती तिच्या तयारीत जातील, आणि आधी काय गळेल, हे १८६२ नंतरच्या लॉग बुकांनी लिहून ठेवलंय. आधी गाणी गळतील, मग गोष्टी, मग आजीशी फोनवर बोलायचा तास. ते गळाल्यावर ज्या मुलांच्या घरात मराठी बोललं जात नाही ती मुलं गळतील. आणि आपल्याला तर सर्वांत जास्त तीच मुलं हवी आहेत.

समितीने तूर्त परीक्षा बाजूला ठेवली आहे आणि साठ तासांचा आराखडा सहा डावांत मांडलाय. वाचन, बालबोध लेखन, हिशोब म्हणजे पाढे आणि पावकी-निमकी, महाराष्ट्राचा थोडा इतिहास-भूगोल, आणि नमुन्याच्या मळ्याऐवजी हॉलच्या मागच्या अंगणात मेथी आणि कोथिंबीर. यादी कुठून उचलली ते सुज्ञ वाचकांच्या लक्षात आलं असेलच. मोडी मात्र एवढ्या वेळात बसत नाही. तिच्यासाठी मार्चमधला एकच शनिवार ठेवलाय. आपल्यातल्या एका आजींना मोडी वाचता येते, आणि त्या त्यांच्या आजोबांच्या हातची जमाखर्चाची वही घेऊन येणार आहेत. त्या दिवशी मुलांना सोडून पालकांनी लगेच गाडीकडे पळू नये. खुर्च्या जास्तीच्या मांडून ठेवतो आहोत.